आजारपणातली दत्तसेवा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला की आपल्याकडं गावोगावी दत्ताचे सप्ताह बसतात. नांदेडला काय, लातूरला काय, उदगीर-अहमदपूरकडच्या लहान गावांत काय, पाट मांडले जातात, पोथ्या सोवळ्यात बांधलेल्या बाहेर निघतात. संकल्प सोडायची वेळ आली की माणसं माझ्यासारख्या पोथी सांगणाऱ्याच्या कानाशी येऊन आपापलं मागणं सांगतात. पूर्वी हे मागणं पोराच्या नोकरीचं, पोरीच्या लग्नाचं, नाहीतर पाऊसपाण्याचं असायचं. अलीकडं दवाखान्यातली मागणी फार वाढली आहेत. "गुरुजी, आमच्या मालकाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं." "गुरुजी, आईला गाठ निघाली, आता बार्शीला न्यायचंय." आणि मग हळूच एक प्रश्न येतो: "पारायण केलं तर बरं वाटंल का हो?"

या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत देता येत नाही. हो म्हणावं तर उद्या ते माणूस गोळ्या बंद करून बसेल. नाही म्हणावं तर त्याच्या हातातली काठीच काढून घेतल्यासारखं होईल. म्हणून यंदाच्या जयंतीच्या अंकात हाच विषय घ्यायचं ठरवलं. उत्तर मी माझ्या पदरचं सांगणार नाही. ते गुरुचरित्रात आहे, आणि नवल असं की ते आपल्या अगदी अंगणातल्या दोन कथांत आहे. एक कथा गोदाकाठच्या बासरची आणि दुसरी आपल्या माहूरची.

पहिली तेराव्या अध्यायातली. नांदेडहून निजामाबादकडं जाणारी गाडी मुदखेड, उमरी, धर्माबाद करत पुढं गेली की बासर लागतं. सरस्वतीचं स्थान म्हणून आपण नातवंडांना तिथं अक्षरं गिरवायला नेतो. पोथीत ज्याला वासर ब्रह्मेश्वर म्हटलंय ते हेच असं मानतात. श्रीनृसिंहसरस्वती स्वामी तिथं गोदावरीवर स्नानाला आले असताना एक ब्राह्मण नदीत जीव द्यायला निघालेला त्यांना दिसला. त्याला पोटशूळाची व्यथा होती. अन्न पोटात गेलं की कळा सुरू. म्हणून तो दिवसचे दिवस उपाशी राहायचा. सणाच्या दिवशी राहवलं नाही, जेवला, आणि मग असा काही गडबडा लोळायला लागला की आता हे जिणंच नको म्हणून अंगाला दगड बांधून पाण्यात उतरला.

आता इथं थांबून बघा, महाराजांनी पहिल्यांदा काय केलं. त्याची कुंडली विचारली नाही, कोणतं पाप केलंस म्हणून झाडाझडती घेतली नाही. शिष्यांना सांगितलं, त्याला आधी माझ्याकडं घेऊन या. त्याला पाण्यातून काठावर आणलं. आत्महत्येचा दोष केवढा आहे ते सांगितलं, आणि मग तुझं दुःख काय ते सांग म्हणाले. तो बोलला. पोटातलं सगळं दुखणं, मनातलं सगळं दुखणं त्यानं ओकून टाकलं. महाराजांनी ते ऐकलं आणि म्हणाले, भिऊ नकोस, तुझ्या रोगावर आमच्याकडं औषध आहे.

मला तर वाटतं, दुखणं बरं होण्याची सुरुवात तिथंच झाली. पक्वान्नाचं ताट नंतर आलं. त्याच्या आधी कुणीतरी त्याचा हात धरला होता.

पुढची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. त्याच वेळी सायंदेव नावाचा एक अधिकारी तिथं आला. महाराज त्याला म्हणाले, या ब्राह्मणाला आज तुझ्या घरी पोटभर जेवायला घाल. सायंदेव घाबरला. ह्याला अन्नानंच मरण येतंय, आणि मी वाढू? उद्या काही झालं तर ब्रह्महत्या माझ्या माथी. पण गुरूंचा शब्द म्हणून त्यानं घरी नेलं, पंगतीला बसवलं, आणि त्याची व्यथा गेली. याच सायंदेवाच्या वंशात पुढं नागनाथ, देवराव, गंगाधर अशा पिढ्या झाल्या आणि त्या गंगाधराच्या पुत्रानं, सरस्वती गंगाधरानं, गुरुचरित्र लिहिलं. म्हणजे आपण जी पोथी डोक्यावर घेतो, ती एका आजारी माणसाला भीत भीत का होईना पण घरात घेणाऱ्याच्या घराण्यातून आलेली आहे. घरातल्या आजारी माणसाचा कंटाळा आला की ही गोष्ट मनात आणावी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. या कथेवरून कुणी पथ्य मोडू नये. महाराजांनी दिलेलं अन्न हे त्यांच्या हातचं औषध होतं. आपल्याला साखरेचा त्रास आहे, आणि गुरूंनी तर पोटदुखीवाल्याला पक्वान्न खाऊ घातलं म्हणून आपण प्रसादाचे चार लाडू खायचे, हे गुरुचरित्र नव्हे, हे जिभेचे चोचले झाले. आज गुरूंनी कुणाला सायंदेवासारखं निमित्त केलं असेल, तर तो आपला डॉक्टर आहे. त्यानं सांगितलेलं पथ्य हाच गुरूंचा शब्द समजावा.

दुसरी कथा माहूरची. तिसाव्या अध्यायापासून ती सुरू होते. माहूर म्हणजे आपल्या नांदेड जिल्ह्याचं भूषण. एका शिखरावर रेणुकामाता, एकावर दत्तप्रभू, एकावर माता अनसूया. या माहुरात गोपीनाथ नावाचे एक संपन्न गृहस्थ राहत होते. त्यांची मुलं जगत नव्हती. दत्तप्रभूंची आराधना केली तेव्हा एक मुलगा वाचला, म्हणून त्याचं नावही दत्तच ठेवलं. यथाकाळ लग्न झालं, घरात सावित्री नावाची सून आली. जोडा दृष्ट लागावी असा. आणि लागलीच म्हणा, कारण तरुण वयातच त्या मुलाला क्षयानं गाठलं.

पोथीतलं ते वर्णन मोठ्यानं वाचताना आजही आवाज जड होतो. अन्न जाईना, अंगाला वास यायला लागला, वैद्यसुद्धा जवळ यायला कांकू करू लागले. अशा वेळी सावित्री त्याच्यापाशी बसून होती. तो दोन घास खाईल तर ही दोनच घास खायची. त्याला जे औषध, ते ही स्वतःही घ्यायची. घरात सगळं असून अंगावर चांगलं वस्त्र घालायची नाही. शेवटी तिनं सासू-सासऱ्यांची समजूत घातली आणि गाणगापूरला गुरूंच्या पायाशी नेते म्हणून नवऱ्याला घेऊन निघाली. एवढी लांबची वाट, सोबत मरणाला टेकलेला नवरा. आणि गाणगापूर आलं न आलं, तोच त्याचा प्राण गेला.

तेव्हा त्या आक्रोश करणाऱ्या पोरीपाशी एक तपस्वी येऊन बसला. त्यानं तिला बोध केला, रुद्राक्ष दिले, भस्म दिलं. ते कोण होते ते पुढं उलगडतं. गुरूच वेष पालटून आले होते. नंतर ती गुरूंच्या दर्शनाला गेली, त्यांनी सौभाग्याचा आशीर्वाद दिला, रुद्राच्या तीर्थानं तिचा नवरा उठून बसला.

ही कथा आपण दरवर्षी वाचतो आणि शेवटाला डोळे पुसतो. पण एकदा लातूरच्या एका बाईंनी या कथेवर मला असा प्रश्न विचारला की त्या दिवसापासून हा अध्याय मी निराळ्या मनानं वाचतो. त्या बाई पोटाच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळल्या होत्या. ऑपरेशन झालं, किमो झाली, डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. सुनेनं मला बोलावलं की आईंना गुरुचरित्र ऐकायचंय. मी रोज संध्याकाळी जाऊन एकेक अध्याय वाचायचो. बत्तिसावा संपला त्या दिवशी त्या बराच वेळ वर पंख्याकडं बघत पडल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, सावित्रीचा नवरा मेलेला उठला. मी तर जिवंत आहे. मग मी का नाही उठत? माझीच सेवा कमी पडली का?"

भक्तहो, आजारी माणसाच्या छातीवर दुखण्यापेक्षाही जड बसलेला दगड कोणता असेल तर तो हा. आपलीच सेवा कमी पडली, आपलंच पाप आड आलं. आणि हा दगड बहुतेक वेळा आपणच, भेटायला येणाऱ्यांनी, तिथं नेऊन ठेवलेला असतो. "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल बघा." "घरात काही राहून गेलंय का कुळाचाराचं?" "आमक्यानं अकरा गुरुवार केले, खडखडीत झाला." बोलणारा बोलून चहा पिऊन जातो. ऐकणारा रात्रभर छताकडं बघत त्याचाच हिशोब मांडतो. कर्माचा सिद्धांत मी मानतो, पोथीतही तो जागोजागी आहे. पण तो स्वतःच्या मनाला आवर घालायला आहे. दुसऱ्याच्या खाटेपाशी तो घेऊन जाऊ नये. बासरच्या काठावर खुद्द महाराजांनी त्या बुडणाऱ्या माणसाला आधी बाहेर काढलं, हे विसरू नये.

त्या बाईंना मी एवढंच म्हणालो, "आई, सावित्रीचा नवरा उठला खरा. पण तो आज कुठं आहे? त्यालाही पुढं एक दिवस जावंच लागलं की. श्रीपाद श्रीवल्लभ कुरवपुरी गुप्त झाले. नृसिंहसरस्वती महाराज गाणगापुराहून श्रीशैलाकडं कर्दळीवनात निघून गेले. अवतारी पुरुषांनीसुद्धा देह ठेवायचा नाही असं केलं नाही. मग देह राहिला तर कृपा आणि गेला तर अवकृपा, असं कसं म्हणायचं?"

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग सावित्रीला मिळालं ते काय?" आणि उत्तर त्यांनीच दिलं. "नवरा मेल्यावर ती एकटी रडत होती, तिथं गुरू येऊन बसले. ते तर मला मिळालंय. तुम्ही वाचता तेव्हा कुणीतरी उशाशी बसलंय असं वाटतं." त्यानंतर त्या महिनाभर होत्या. दुखायचं, रडायच्याही. पण 'माझं काय चुकलं' हा शब्द पुन्हा त्यांच्या तोंडून आला नाही. सुनेला एक दिवस म्हणाल्या, "मी गेल्यावर सप्ताहातला नैवेद्य चुकवू नको, आणि माझी औषधं उरली तर गरिबाला दे." औषधं अशी परभारे देऊ नयेत हे सुनेनं डॉक्टरांना विचारून घेतलं, ते वेगळं. पण मन कुठं पोचलं होतं ते बघा.

आपल्या शास्त्रकारांनी शब्द फार नेमके केलेत. शरीराला होते ती व्याधी, मनाला होते ती आधी. आपण 'आधी-व्याधी' असं जोडीनं बोलतो, पण ती दोन निराळी दुखणी आहेत. व्याधीला औषध, शस्त्रक्रिया, पथ्य. आधीला नाम, सत्संग, कुणाचा तरी मायेचा हात. व्याधीसाठी नुसतं नाम घेत बसणं आणि आधीसाठी नुसत्या गोळ्या खात बसणं, दोन्ही अर्धवटच. आणि ही दोन दुखणी एकमेकांना वाढवतात, हेही आपण घरोघरी बघतो. भीतीनं झोप जाते, झोप गेली की कळा वाढतात, कळा वाढल्या की भीती वाढते. नामानं भीती थोडी उतरली तरी त्या फेऱ्याला कुठंतरी खीळ बसते.

हे फक्त आपणच म्हणतो असं नाही. विलायतेत सिसिली सॉन्डर्स म्हणून एक बाई होत्या. आधी परिचारिका, मग समाजसेविका, आणि मग मोठ्या वयात शिकून डॉक्टर झाल्या. बरे न होणारे रोगी शेवटी कसे दिवस काढतात हे त्यांनी जवळून पाहिलं आणि १९६७ साली लंडनमध्ये त्यांच्यासाठी सेंट ख्रिस्तोफर्स नावाचं सेवाघर काढलं. त्यांचं सांगणं असं, की रोग्याची वेदना चार पदरी असते. शरीराची, मनाची, घरच्या-पैशाच्या काळजीची, आणि चौथी आत्म्याची. म्हणजे 'हे सगळं कशासाठी' या प्रश्नाची. एक पदर धरून चालत नाही, चारही सोडवावे लागतात. मुंबईत १९८६ साली शांती अवेदना सदन निघालं ते याच मार्गानं. आज जगभर डॉक्टर मंडळी अशा रोग्यांच्या सेवेत अध्यात्माचा आधार मोजतात. मात्र हेही लक्षात घ्या, की त्या बाईंनी पहिला आग्रह धरला तो वेदना थांबवणाऱ्या औषधांचा, आणि तीही वेळच्या वेळी. कळा उठत असताना माणसाला नाम घे म्हणणं सोपं असतं. घेणं फार अवघड. वेदना सोसणं म्हणजे तप, अशी समजूत करून दुखणं थांबवायची गोळी नाकारू नका. दुखणं थोडं थांबलं तर नाम घेता येईल.

माहूरच्या त्या मुलाला क्षय होता, त्या काळी त्यावर औषध नव्हतं. क्षयाचा जंतू असतो हेच जगाला कळलं २४ मार्च १८८२ ला, रॉबर्ट कॉख यांच्याकडून. गुणकारी औषधं त्यानंतर आणखी साठएक वर्षांनी आली. आज हाच रोग साधारणपणे सहा महिन्यांच्या नेमानं घेतलेल्या औषधांनी बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि पोषणासाठी महिन्याला हजार रुपये खात्यात येतात. सावित्रीला हे मिळालं असतं तर तिनं ते नाकारलं असतं का? जी बाई नवऱ्याचं औषध स्वतः तोंडात घालून बघत होती, ती एक गोळी चुकू देती ना. गोळ्यांचा नेम पाळणं हे आपलं आजचं अनुष्ठान आहे. दीड-दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून मधेच सोडणं, हा या अनुष्ठानातला खंड.

तेच कॅन्सरचं. आपल्या भागातल्या माणसाला पूर्वी मोठ्या दुखण्याला सोलापूर, पुणे, हैदराबादशिवाय गती नव्हती. लातुरात १९६६ साली डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केलं. पुढं २०१९ साली डॉक्टरांना पद्मभूषण मिळालं. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. नांदेडला आणि लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ऐपत नसेल त्याला महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. एवढं सगळं दारात आलेलं असताना, तोंडातली न भरणारी जखम, मानेवरची गाठ, बाईच्या छातीतली गाठ अंगाऱ्यावर महिनोन् महिने ठेवणं, याला श्रद्धा म्हणू नये. अंगारा कपाळाला लावा आणि त्याच कपाळानं दवाखान्याची पायरी चढा. कुणी महाराज, कुणी बाबा 'औषध बंद करा, मग गुण येईल' म्हणाला, तर तिथून उठून या. दत्तसंप्रदायात असं सांगितलेलं नाही.

आता तिसरं उदाहरण, कथेतलं नव्हे, इतिहासातलं. प. पू. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराज. जन्म १८५४ चा, कोकणातल्या माणगावचा. पण आपल्या मराठवाड्याशी त्यांचं नातं फार आतलं आहे. १८९१ साली ते पत्नीसह गंगाखेडला आले, आणि तिथंच गोदातीरी त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंनी देह ठेवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याच गोदेच्या काठी महाराजांनी संन्यास घेतला. परक्या गावात बायको गेली, आणि तो माणूस नशिबाला बोल लावत बसला नाही.

आणि या एवढ्या थोर पुरुषाला आयुष्यभर संग्रहणीचा विकार होता. पोटाचं दुखणं. बासरच्या ब्राह्मणाचं पोट ज्या गुरूंनी बरं केलं, त्याच गुरूंचा हा लाडका, आणि याचं पोट मात्र बरं झालं नाही. तशा प्रकृतीत त्यांनी अनवाणी भारतभर पायपीट केली. भिक्षेचं जे मिळेल ते घेतलं. ग्रंथ लिहिले, स्तोत्रं रचली. कुरवपूरच्या १९११ च्या चातुर्मासात त्यांनी घोरकष्टोद्धरण स्तोत्र केलं. आज आपल्या घराघरात कुणी दवाखान्यात असलं की हेच स्तोत्र म्हणतात. म्हणजे स्वतः व्याधी भोगत असलेल्या माणसानं लोकांच्या कष्टासाठी देवाला हाक मारली. १९१४ साली नर्मदातीरी गरुडेश्वरला ते समाधिस्थ झाले.

आता सांगा, यांची सेवा कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती आहे? कुणी बरा होतो, कुणी होत नाही. बरं होणं ही कृपा आहेच. आणि बरं न होताही मन कडू न होणं, जवळच्यांवर न चिडणं, दुसऱ्यासाठी काही मागता येणं, ही त्याहून मोठी कृपा. टेंबे स्वामींच्या चरित्रातून मला तरी हेच दिसतं. म्हणून 'पारायण केलं तर बरं वाटेल का' याला माझं उत्तर असं: बरं व्हायला दवाखाना. बरं वाटायला पारायण. आणि दोन्हींच्या मागं उभा आहे तो एकच.

आता थोडं कामाचं बोलू. आजारी माणसानं उपासना कशी करावी, हे लोक विचारतात आणि भिऊन सोडूनही देतात. सप्ताहाचे नियम कडक आहेत. एकभुक्त राहणं, जमिनीवर झोपणं, सोवळं, एका आसनावर बसणं. हे नियम धडधाकट माणसासाठी आहेत. ज्याला इन्सुलिन चालू आहे त्यानं उपास धरला तर साखर एकदम खाली येऊन जिवावर बेतू शकतं. त्यानं वेळेवर जेवून, खुर्चीत बसून एक अध्याय वाचावा. तेही होत नसेल तर पडल्या पडल्या ऐकावा. डायलिसिसवाल्याला पाणी मोजून असतं. त्यानं तीर्थ पळीभर न घेता बोट बुडवून ओठाला लावावं. किमो चालू असलेल्याची प्रतिकारशक्ती खालावलेली असते; त्यानं यात्रेच्या, पालखीच्या गर्दीत न जाता घरच्या पादुकांना हात जोडावेत. गाणगापूर, नरसोबाची वाडी कुठं पळून जात नाही. ज्याला उठबस होत नाही त्यानं श्वासाबरोबर नाम घ्यावं. सलाईनची सुई हाताला असली तरी जिभेला कुठं आहे?

रात्र ही आजारी माणसाची मोठी वैरीण. दिवसा लोक असतात, रात्री दोन वाजता घर झोपलेलं असतं आणि हा एकटा जागा. तेव्हा एक करावं. दत्तप्रभू दिवसभर तीर्थोतीर्थी फिरतात, काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा, आणि निद्रेला माहूरगडी येतात, अशी आपली पूर्वापार श्रद्धा आहे. म्हणजे रात्री देव आपल्याच जिल्ह्यात मुक्कामाला असतो! त्याला मनानं म्हणावं, देवा, तू टेकलास, आता मलाही थोडं टेकू दे. झोप आली तर उत्तम. नाही आली तरी जागरण तुझ्या शेजारी झालं म्हणावं.

आणि जे आजारी नाहीत, सेवेला आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. सावित्रीची कथा त्यांचीच आहे. खाटेवरच्या माणसाकडं सगळे बघतात. खाटेशेजारच्या माणसाकडं कुणी बघत नाही. ती सून, ती बायको, तो नोकरी सांभाळून धावपळ करणारा मुलगा. सावित्री नवऱ्याएवढंच खायची हे आपण कौतुकानं वाचतो, पण आज तसं करून दोघंही आडवे झाले तर सेवा कोण करणार? सेवा करणाऱ्यानं पोटभर जेवावं, आळीपाळीनं झोपावं. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, मंदिरातल्या मंडळींनी तिथं त्या तपस्व्यासारखं जाऊन बसावं. उपदेश करायला नको. डबा न्यावा, चार तास दवाखान्यात थांबावं, "तू जा, आंघोळ करून ये, मी बसतो" म्हणावं. सप्ताहात अन्नदानाला आपण हात सैल सोडतो. त्यातली एक पंगत सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात नातेवाइकांसाठी घातली, तर मला नाही वाटत दत्तप्रभू तिथं भिक्षेला येणार नाहीत.

आणि कुणी आजाराला कंटाळून "आता जगून काय करू" असं बोलायला लागलं, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटं ठेवू नका, ऐकून घ्या, डॉक्टरांना सांगा. टेली मानस म्हणून सरकारची फुकट सेवा आहे, १४४१६ हा क्रमांक, रात्री-अपरात्रीही बोलता येतं. बासरच्या काठावर गुरूंनी शिष्यांना धाडलं होतं. आज त्या शिष्यांच्या जागी आपण आहोत.

यंदा पौर्णिमेला पाळणा हलवताना ज्यांच्या घरी दुखणं आहे त्यांची नावं मनात घ्या. औषधाला गुण येऊ दे, डॉक्टरांच्या हाताला यश येऊ दे, रोग्याला शांत झोप लागू दे, सेवा करणाऱ्याला बळ मिळू दे. आणि ज्याचा देह सुटणारच असेल, त्याच्या उशाशी, हे गुरुराया, तू येऊन बस. एवढं मागणं पदरात घे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥